तेलाचा वाडगा

माझ्या लग्नातल्या सहा वाडग्यांपैकी एक माझ्या म्हाताऱ्याने, म्हणजे नवऱ्याने, मोटारसायकलसाठी पळवला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की हे प्रकरण घरात शिरणार. निळ्या नक्षीचा वाडगा, काठाला एक टवका उडालेला. "टवका उडालेल्यात पाहुण्याला चहा देत नाहीत," म्हातारा म्हणाला, "मग मी घेतला तर तुझं काय गेलं?" त्यात तो तेल मोजायचा. दहा लिटर पेट्रोलला एक भरून वाडगा. या जातीच्या जुन्या इंजिनात तेल वेगळं घालायची सोय नसते, ते पेट्रोलातच मिसळून द्यावं लागतं. ते पोटात गेलं तर आतलं लोखंड ओलं राहतं, नाही गेलं तर लोखंड लोखंडाला धरून बसतं. पंचेचाळीस वर्षं भाकऱ्या भाजलेल्या बाईला एवढं पाठ झालं होतं. शहरात मोटारसायकली उडवणाऱ्या आमच्या भाच्याला ते ठाऊक नव्हतं.

गाडी झेक बनावटीची, अडीचशे सीसीची, लाल टाकीची. आमच्याकडे सगळे तिला चेझेट म्हणतात. रस्त्यावर चालवायची नाहीच ती. दिवा नाही, आरसा नाही, टायरला बोटाएवढे दात, फक्त चिखलात आणि डोंगरावर उधळायची. सोव्हिएत काळात आमच्या तालुक्याच्या गावी, केगेनला, मोटारसायकलवाल्यांचा क्लब होता आणि ओराझ, म्हणजे आमचा म्हातारा, या गाडीवर सत्तावीस नंबर लावून पिवळ्या टेकडीवर शर्यती करायचा. अकरा शर्यती केल्या, एकही जिंकला नाही. शेवटच्या शर्यतीत तर तिसऱ्या फेरीत पडला आणि खांदा मोडून घेतला. पुढे देश बदलला, क्लब बुडाला, तिथल्या प्रमुखाने गाड्या विकायला काढल्या. पैशाला तेव्हा किंमत नव्हती. प्रमुख म्हणाला, घोडा आण आणि गाडी घेऊन जा.

आमच्याकडे घोडा नव्हता. ओराझच्या मामाकडे होता.

आमच्यात बहिणीच्या मुलाला मामाकडून आयुष्यात तीनदा हवं ते मागता येतं, आणि मामाला नाही म्हणता येत नाही. भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले असं म्हणतात ते उगाच नाही. लांडग्यावर निदान गोळी तरी झाडता येते. भाच्यावर हात उगारायचा नसतो. उगारला तर म्हातारपणी हात थरथर कापायला लागतात, असं लहानपणापासून प्रत्येकाच्या कानावर घातलेलं असतं. ओराझने पोरवयात एकदा करडू मागितलं होतं, एकदा खोगीर. सदतिसाव्या वर्षी तो सेयित मामाकडे गेला आणि त्याचा करडा घोडा मागितला. शर्यतीचा घोडा. म्हाताऱ्या सेयितला बायको नव्हती, मुलगा शहरात गेलेला. घरात जीव म्हणून हाक मारावी असा तो घोडाच एक होता.

मी त्या दिवशी बरोबर होते. सेयित मामा उठून तबेल्यात गेला. मग त्याने स्वतः लगाम आणून ओराझच्या हातात दिला आणि तासभर बोलत राहिला. याला डावीकडे काही हललेलं चालत नाही, बुजतो. पळवून आणल्यावर लगेच पाणी दाखवू नकोस, आधी थोडं चालव. पुढच्या उजव्या खुराला जुनी चीर आहे, नाल ठोकणाऱ्याला सांग. संध्याकाळी तळहातावर मीठ दे, नाहीतर जमीन उकरत बसतो. ओराझ मान डोलवत होता, पण त्याचं लक्ष सूर्याकडे होतं, कारण क्लब पाचला बंद व्हायचा. घोडा त्याच संध्याकाळी प्रमुखाकडे गेला आणि डिसेंबरात प्रमुखाच्या घरी त्याचं मांस टांगलेलं लोकांनी पाहिलं. सेयित मामाला कुणी सांगितलं नाही. पण आमच्या गावात मांसाच्या गोष्टी लपत नाहीत. फेब्रुवारीत मामा गेला. आमचा म्हातारा मात्र पुढची तीस वर्षं प्रत्येक लग्नात ही हकीकत सांगून हशा मिळवत आला. मामाच्या नाकासमोरून घोडा कसा नेला. हसणाऱ्यांत मीही असायचे, हे कबूल करायला हवं.

चेझेट दोन वर्षं चालली. मग बंद पडली ती गवताच्या गंजीखाली गेली. कोंबड्यांनी तिच्यावर पिल्लं काढली. सव्वादोन वर्षांमागे गेन्नादी सांगत आला की पिवळी टेकडी खडीसाठी विकली गेली आहे. गेन्नादी क्लबचा जुना मिस्तरी, आता ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथवर. दर सप्टेंबरात जुने शर्यतवाले तिथे जमून तीन फेऱ्या मारायचे, तेवढाच एक विरंगुळा. अजून दोन सप्टेंबर टेकडी राहील, म्हणाला, मग सुरुंग. म्हातारा त्या रात्री जेवला नाही. सकाळी उठला आणि गंजी उपसायला लागला.

"जिंकायचंय का आता?" मी विचारलं.

"जिंकायचं नाही. तिसरी फेरी पुरी करायचीय. पडलो होतो ना मी."

"छत्तीस वर्षं झाली त्याला."

"म्हणूनच."

त्यानंतरचे दोन हिवाळे मी मोटारसायकलबरोबर संसार केला. गंजून धरलेला पिस्टन रॉकेलात भिजत महिनाभर माझ्या चुलीशेजारी बसला होता, रोज संध्याकाळी म्हातारा त्यावर लाकडी ठोकळा ठेवून दोन हळूच ठोके द्यायचा आणि कान लावायचा. बेरिंगं माझ्या बर्फाच्या पेटीत घोड्याच्या सॉसेजांबरोबर ठेवली, इंजिनाची खोकी माझ्या भट्टीत तापवली, कारण गार बेरिंग गरम खोक्यात आपसूक बसतं म्हणे. बसलंही. पण महिनाभर भाकरीला मशीनचा वास यायचा. कार्बोरेटरमधली केसाएवढी भोकं साफ करायला तार चालत नाही, भोक मोठं होतं. त्यासाठी तो शेजाऱ्याच्या घोडीच्या शेपटीचे केस उपटून आणायचा. घोडीने एकदा लाथ घातली तेव्हा मी मनापासून हसले. इंजिनाच्या सांध्यांत घालायची गॅस्केटं माझ्या बुटांच्या खोक्यांमधून कापली. सिलिंडर गेन्नादीने कारखान्यात दुपारच्या सुट्टीत लेथवर आतून घासून दिला. पिस्टनच्या रिंगा अल्माटीच्या जुन्या बाजारात तीन खेपा घातल्यावर मिळाल्या.

गेल्या मे महिन्यात ती सुरू झाली. बाविसाव्या लाथेला खोकली, तेविसाव्याला पेटली आणि सगळं अंगण निळ्या धुराने भरलं. जळक्या तेलाचा तो गोड वास. म्हातारा लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला आणि रडला. मला पुरुषांनी रडलेलं आवडत नाही. पण तेव्हा मीही रडले आणि दोष धुराला दिला.

शर्यत सप्टेंबरातल्या एका रविवारी होती. शुक्रवारी मदियार आला.

मदियार म्हणजे ओराझच्या बहिणीचा, रौशानचा मुलगा. चौतीस वर्षांचा, दिसायला देखणा, बोलायला गोड. अल्माटीत त्याचं कॉफीचं दुकान आहे, त्यात भिंतीवर जुन्या मोटारसायकली टांगलेल्या असतात आणि लोक त्यांच्याखाली बसून केक खातात. स्वतःकडे घराएवढी मोठी नवी मोटारसायकल. दारात पाऊल टाकलं तोच म्हणाला, "मामी, वास कसला येतोय? मांसाचा की पेट्रोलचा?"

"दोन्हीचा. तुझ्या मामाला आता वेगळं करता येत नाही."

म्हाताऱ्याने गाडीवरचं घोंगडं काढलं आणि तिथेच चूक केली. आपली चीज भाच्याला दाखवायची नसते. मेंढ्या राखणारं पोरही भाचा आला की चांगलं कोकरू मागे दडवतं. पण माझा मूर्ख म्हातारा दोन वर्षं कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होता. गावात कुणी विचारत नव्हतं आणि मी तर शिव्याच देत होते. त्याने एकेक आरा दाखवला, घोडीच्या केसांची गोष्ट सांगितली, लाथ खाल्ल्याचीही सांगितली. गाडी चालू करून दाखवली. मदियार खोकत मागे सरकला.

"धूर फार करते हो मामा. इंजिनात खोट राहिलीय बहुतेक."

म्हातारा हसला. "खोट नाही रे. ही जातच तशी."

"नीट ट्यून केली की जाईल," मदियार म्हणाला. म्हातारा आणखी हसला आणि समजावून सांगायचं राहून गेलं. तेव्हा ते खरोखरच राहून गेलं होतं.

जेवताना मदियारने हाड खाली ठेवलं, हात पुसले आणि म्हणाला, "मामा, मी अजून एकदाही मागितलेलं नाही."

माझी सुरी मांसात थांबली.

"लहान होतो तेव्हा आई म्हणायची, बोकड माग, बोकड माग. मी म्हटलं, थांब जरा. बरं झालं ना थांबलो ते?"

म्हाताऱ्याने त्याच्यापुढे मांसाचा आणखी एक तुकडा ठेवला. मग सावकाश म्हणाला, "रविवार होऊ दे. सोमवारी मीच टेम्पोत चढवून देतो."

"सोमवारी काय करू? रविवारी मीच चालवणार. माझी माणसं येतायत शहरातून, कॅमेरे घेऊन. शेवटची शर्यत, जुनी गाडी, वर बसलेला माणूस तरी बघण्यासारखा नको? तुम्ही बसलात तर हाडं एका वळणावर आणि दात दुसऱ्या वळणावर. मामीला टोपली घेऊन गोळा करत फिरावं लागेल." आणि तो माझ्याकडे बघून हसला, जणू मीही हसणार होते.

"तीन फेऱ्या," म्हातारा म्हणाला. "तीनच फेऱ्या मला मारू दे, पोरा. मग गाडी तुझी. टाकी पुसून देतो."

पंचेचाळीस वर्षांत मी त्याला कुणापुढे गयावया करताना ऐकलं नव्हतं. मला त्याची लाज वाटली आणि त्या पोराचा इतका राग आला की ताट उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

मदियारने चहाचा घोट घेतला. "मामा, सेयित आजोबांनी करडा घोडा देताना सोमवार सांगितला होता का? आईने झोपवताना शंभरदा सांगितलीय ती गोष्ट. प्रत्येक वेळी हसायची."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. ती गोष्ट त्यानेच बहिणीला सांगितली होती.

"घे," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी मदियार टेम्पो घेऊन आला. म्हाताऱ्याने आधीच टाकी रिकामी केली होती. गाडी आडवी ठेवली की पेट्रोल सांडतं, हे खरंच आहे. तेल मिसळलेलं सगळं पेट्रोल त्याने डब्यात ओतलं आणि डबा कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन ठेवला. तिथे का ठेवला, हे मी विचारलं नाही. निळा वाडगा खिडकीत पालथा होता.

"पेट्रोल कुठल्या नंबरचं भरायचं मामा? ब्याण्णव की पंच्याण्णव?" मदियारने दोरी आवळता आवळता विचारलं.

म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी किटली धरून उभी होते.

"ब्याण्णव," तो म्हणाला.

"बस? अजून काही लक्षात ठेवायचं?"

"काही नाही."

सेयित मामा तासभर बोलला होता. खूर, पाणी, मीठ. आमचा म्हातारा दोन शब्दांत आटोपला.

मी तेव्हा बोलू शकले असते. 'तेल घाल रे बाबा' एवढंच म्हणायचं होतं, त्याला शिक्षण लागत नाही. मी म्हटलं नाही, आणि घाबरून नव्हे. मला बरं वाटत होतं. शहरातल्या माणसांच्या कॅमेऱ्यांसमोर गाडी बंद पडेल आणि हा घामाघूम होऊन ती ढकलत येईल, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. भर वेगात इंजिन धरलं तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं आणि वरच्या माणसाचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याला माहीत होतं.

निघताना मी मदियारला चहा दिला, वाडगा काठोकाठ भरून. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा वाडगा देतात, पुन्हा पुन्हा भरतात. काठोकाठ दिला की त्याचा अर्थ, पी आणि चालू लाग. शहरात वाढलेल्याला हे कोण शिकवणार. "वा मामी, किती प्रेमाने भरता," म्हणत त्याने तो सगळा संपवला.

रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. न जाणं शहाणपणाचं झालं असतं. म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि क्लबचा जुना बिल्ला लावला होता. शर्यतवाले सहाच उरले होते, त्यातल्या एकाला दोघांनी धरून गाडीवर बसवलं. सातवा मदियार. पांढरं नवं जाकीट, सत्तावीस नंबर. त्याची माणसं कॅमेरे घेऊन तीन ठिकाणी उभी होती. झेंडा नेहमीप्रमाणे गेन्नादीच्या हातात होता.

गाड्या चालू झाल्या. सहा गाड्यांमागे निळा धूर उठला. सातवीमागे नुसती हवा. दोन वर्षं खोकत काढलेल्या मलाही ते दिसलं, मग गेन्नादीला दिसणार नाही का. तो नाकाने दोनदा हुंगला, चेझेटच्या मागे जाऊन वाकला आणि सरळ झाला.

"धूर कुठंय, ओराझ?" त्याने दोरीपलीकडून विचारलं.

मदियारने हेल्मेटची काच वर केली. "बंद केला, गेन्नादी काका. मामाच्या हातात खोकत होती. माझ्या हातात आली, चांगलं पेट्रोल भरलं, आणि बरी झाली."

गेन्नादी त्याच्याकडे बघतच नव्हता. तो म्हाताऱ्याकडे बघत होता. तो सिलिंडर त्याने स्वतः लेथवर बसून घासला होता. "सांगितलंस का त्याला?" तो म्हणाला.

म्हाताऱ्याने जमिनीकडे पाहिलं.

गेन्नादीने झेंडा वर केला आणि तसाच धरून ठेवला. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. गाड्या ओरडत होत्या, सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, हा आता बाजूला होईल आणि सगळं थांबवेल. त्याने आणखी एकदा ओराझकडे पाहिलं. मग झेंडा खाली आला.

पहिली फेरी मदियार पुढे होता. पोरगा चालवायचा चांगली, ते नाकारून काय उपयोग. म्हातारे मागे धडपडत येत होते. दुसऱ्या फेरीत तो वरच्या कड्यावरून गेला तेव्हा आवाज बदलला होता. बारीक, कोरडा, चाकू धारेच्या दगडावर घासावा तसा. लोक टाळ्या वाजवत होते. म्हातारा वाजवत नव्हता. त्याचा डावा हात त्याच्या बाजूला लटकत होता आणि त्या हाताची दोन बोटं आत वळून घट्ट आवळली गेली होती. मला आधी कळलं नाही. मग तो पुटपुटला, "क्लच. क्लच दाब, गाढवा." अगदी हळू. मला ऐकू आलं तेवढंच, इतर कुणाला नाही.

तिसऱ्या फेरीत उतारावर, सगळ्यात वेगाच्या जागी, इंजिन धरलं. टाळी वाजावी एवढाच आवाज झाला आणि मागून येणाऱ्या सहा गाड्यांचे आवाज तेवढे राहिले. मदियार गाडीच्या पुढे पडला आणि गाडी त्याच्यावर. मांडीचं हाड दोन ठिकाणी, गुडघ्याचा चुरा. त्याला दवाखान्याच्या गाडीत घालताना तो आई, आई ओरडत होता. पांढरं जाकीट पांढरंच राहिलं होतं, रक्त फारसं नव्हतं. लाल टाकीला खोक पडली होती. तिथे उभं राहून मी आधी टाकीकडे पाहिलं, मग पोराकडे. मी कशी बाई आहे हे मला त्या दिवशी समजलं.

ज्याला दोघांनी धरून बसवलं होतं, त्या म्हाताऱ्याने सगळ्यात शेवटी तिसरी फेरी पुरी केली. कुणी पाहिलं नाही.

गेन्नादी त्यानंतर आमच्या घरी आलेला नाही. रस्त्यात भेटला तर टोपी काढतो आणि पुढे जातो.

सोमवारी सकाळी म्हाताऱ्याने चहाचा वाडगा उचलला आणि तो बशीवर टकटक वाजायला लागला. त्याने दुसऱ्या हाताने धरला. तोही कापत होता. आम्ही दोघं त्या हातांकडे बघत बसलो.

"मी त्याला बोट लावलं नाही," तो म्हणाला.

"नाहीच लावलं," मी म्हटलं.

केगेनचा डॉक्टर म्हणाला, वयाने होतं, नसांचं दुखणं आहे. गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन झोप येते, हात थांबत नाहीत.

नोव्हेंबरात आम्ही हिवाळ्यासाठी घोडी कापली तेव्हा रिवाजाप्रमाणे शेजारपाजार जेवायला होता. ताटं मांडली आणि दारात गाडी थांबली. मदियार उतरला. दोन कुबड्या, एक पाय लाकडासारखा सरळ. मागच्या टेम्पोत चेझेट होती. लोकांनी उठून त्याला जागा दिली, पाठीला उशी दिली. त्याने सगळ्यांची नावं घेऊन विचारपूस केली. तो पहिल्यासारखाच गोड बोलत होता, फक्त आता त्याला घाई नव्हती.

"शहरात इंजिन उघडलं, मामा," तो म्हणाला. "मिस्तरी म्हणाला, आत तेलाचा थेंब नव्हता. कुणी घालायलाच सांगितलं नाही का, म्हणाला. मी म्हटलं, मामा विसरले असणार. वय झालंय." मग थांबून, सगळे ऐकतायत हे पाहून, त्याने विचारलं, "विसरलात ना मामा?"

खोलीत वीस माणसं होती. हाडं चोखायचे आवाज थांबले.

"विसरलो," म्हातारा म्हणाला.

"मला वाटलंच. मग माझं दुसरं मागणं. नीट करून द्या. गेन्नादी काकांकडे नाही, शहरात नाही. तुमच्याच हातांनी." त्याने त्या हातांकडे पाहिलं. म्हाताऱ्याने ते टेबलाखाली घेतले. "घाई नाही. माझ्या शहरातल्या घराला जिने आहेत, ते आता जमत नाहीत. इथेच राहतो. समोर बसून बघतो, म्हणजे मलाही शिकता येईल."

"आणि तिसरं?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"तिसऱ्याचं वसंतात बघू, मामी. तिसरं मी जपून ठेवलंय."

मी त्याला चहा ओतला. काठोकाठ. त्याने वाडगा उचलला नाही. दोन बोटांनी तो अलगद माझ्याकडे सरकवला, एक थेंबही न सांडता.

"अर्धाच भरा, मामी. मी मुक्कामाला आहे."

दवाखान्यात पडल्या पडल्या कुणाकडून तरी शिकला असणार.

आता जानेवारी आहे. बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ आहे. मदियारचं अंथरूण चुलीजवळच्या उबदार जागी, जिथे आधी पिस्टन भिजत पडायचा. म्हातारा समोर बसतो. सिलिंडरच्या आत नख अडकेल एवढे खोल चरे पडलेत. ते घासायला लेथ लागते आणि लेथ गेन्नादीकडे आहे, म्हणून तो हाताने घासतो. रिंगा बिस्किटासारख्या ठिसूळ असतात, चढवताना जरा हात हलला की मोडतात. काल चौथी मोडली. "हळू, मामा," मदियार उशीवरून म्हणतो. "सावकाश. मला कुठे जायचंय?" रौशान दर आठवड्याला फोन करते आणि विचारते, पोराला दूध देतेस ना. देते.

रात्री जेवण झालं की मी चहा ओतते. मदियार वाडगा हातात घेतो पण पीत नाही. आधी विचारतो, "मामा, तेल किती?"

म्हातारा पहिले काही दिवस गप्प बसायचा. तेव्हा मदियारचा चहा गार व्हायचा, मी तो फेकून पुन्हा ओतायचे, तोही गार व्हायचा. आता तो लगेच सांगतो.

"दहा लिटरला एक वाडगा. भरून."

मग मदियार मान डोलवतो आणि चहा पितो. मी पुन्हा अर्धा भरते.